स्वतःचे रीडिंग

ब्युरेटमधून, म्हणजे मोजखुणा असलेल्या तोटीच्या नळीतून, सोडियम हायड्रॉक्साइडचा थेंब पडला, कोनिकल फ्लास्कमधले द्रावण फिकट गुलाबी झाले, फ्लास्क फिरवल्यावरही तो रंग टिकला, आणि मोबाईलच्या पलीकडून एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, काहीच झालं नाही."

ही ऑगस्ट २०२०मधली गोष्ट आहे. आमच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत त्या सकाळी मी आणि प्रयोगशाळेतले मामा असे दोघेच होतो. मामांनी माझा मोबाईल स्टँडच्या क्लॅम्पमध्ये सुती फडके गुंडाळून आवळला होता, फ्लास्कखाली नेहमीची पांढरी टाइल ठेवली होती आणि खिडकीचा पडदा सरकवून उजेड नीट केला होता. बाहेर देवगडचा पाऊस कोसळत होता. मी फ्लास्ककडे पाहिले, मग स्क्रीनकडे पाहिले, आणि माझ्या लक्षात आले की ती मुलगी खरे तेच सांगत होती. माझ्या डोळ्यांसमोर गुलाबी असलेले द्रावण स्क्रीनवर पाण्यासारखे दिसत होते. मोबाईलचा कॅमेरा समोरच्या दृश्यातला पांढरा रंग स्वतःच ठरवतो आणि त्या हिशोबाने बाकीचे रंग दुरुस्त करून घेतो. पांढऱ्या टाइलवरची अगदी फिकट गुलाबी छटा ही त्याला उजेडातली चूक वाटते आणि तो ती पुसून टाकतो. मी आणखी दोन थेंब टाकले, तेव्हा कुठे रंग स्क्रीनवर उमटला आणि मुले म्हणाली, "हां, आता झाला." मात्र तोपर्यंत खरा अंत्यबिंदू, म्हणजे आम्ल नेमके संपून रंग पहिल्यांदा टिकतो तो क्षण, मागे पडला होता. एका थेंबाचे आकारमान साधारण ०.०५ मिलिलिटर असते आणि ब्युरेटवरचा सगळ्यात लहान भाग ०.१ मिलिलिटरचा असतो. म्हणजे मुलांना दिसावे म्हणून मी जे दोन थेंब वाढवले, त्यांनी रीडिंगच बदलले.

त्यानंतर मी मुलांकडून त्यांच्या स्क्रीनची चित्रे मागवली. एकाच क्षणाचे चित्र कोणाकडे जांभळट होते, कोणाकडे नारिंगीकडे झुकणारे होते आणि कोणाकडे अजूनही रंगहीन होते. मी पंधरा-सोळा वर्षे टायट्रेशन, म्हणजे माहीत तीव्रतेचे द्रावण थेंबाथेंबाने घालून दुसऱ्या द्रावणाची तीव्रता काढणे, शिकवते आहे. "रंग किती यायला हवा?" या प्रश्नाला माझे उत्तर नेहमी एकच असायचे, मी त्या मुलाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहायचे, त्याला पुढचा थेंब टाकायला सांगायचे आणि योग्य क्षणी "बस" म्हणायचे. शब्दांनी तो रंग मी कधी सांगितलाच नव्हता, कारण तशी गरजच पडली नव्हती.

आमचे महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे आणि आमच्याकडे बी.एस्सी.च्या तिन्ही वर्षांची मुले कुणकेश्वर, मिठबाव, आचरा, पडेल, विजयदुर्ग अशा गावांतून एसटीने येतात. मार्च २०२०च्या मध्यावर कोरोनामुळे वर्ग बंद झाले, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि एसटीही थांबली. पहिले काही आठवडे सगळ्यांना वाटत होते की हे थोड्या दिवसांचे आहे. त्या एप्रिल-मे महिन्यांत आमची निम्मीअधिक मुले आंब्याच्या कामात होती. बाजाराचे काही खरे नव्हते, पण झाडावरचा हापूस थांबत नाही. जूनमध्ये आम्ही वर्ग ऑनलाइन सुरू केले, तेव्हा खरी अडचण कळली. किनाऱ्यालगतची आमची गावे डोंगराच्या कुशीत, खाडीच्या कडेला वसलेली असल्यामुळे रेंज मिळते ती वर सड्यावर. जांभ्या दगडाच्या त्या उघड्या पठारावर, काजूच्या झाडाखाली, छत्री धरून मुले तासाला बसत असत. एका मुलाचा आवाज आला नाही म्हणून मी त्याच्या घरच्या दुसऱ्या नंबरवर फोन केला, तर त्याची आई म्हणाली, "मॅडमानू, तो सड्यार गेलो हा, थयच रेंज गावता." त्या दिवशी पावसाचा जोर इतका होता की मी तास पुढे ढकलला आणि त्याला घरी बोलावून घ्या असे सांगितले. विजा चमकत असताना उघड्या सड्यावर मुलाला थांबवून शिकवावे असे कोणतेही प्रकरण रसायनशास्त्रात नाही.

हळूहळू मी तासाची रचना बदलली. थेट तास आठवड्यातून तीनच घेऊ लागले आणि बाकीचे शिकवणे वीस-वीस मिनिटांच्या ध्वनिफितींत आणि हाताने लिहिलेल्या पानांच्या छायाचित्रांत बसवले, कारण व्हिडिओ अडकत असे, पण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली ध्वनिफीत रात्री कधीतरी उतरत असे. दोन डब्यांवर काच आणि काचेवर मोबाईल पालथा ठेवून मी त्याखाली कागदावर लिहीत असे. सेंद्रिय रसायनातल्या अभिक्रियांची यंत्रणा शिकवायला ही पद्धत फळ्यापेक्षाही बरी निघाली. इलेक्ट्रॉनांची जोडी कुठून निघते आणि कुठे जाते हे दाखवणारा वक्र बाण मुलांच्या अगदी डोळ्यांसमोर, माझ्या पेनाच्या टोकातून हळूहळू उमटायचा. शेवटच्या बाकावर बसणाऱ्यांनाही पहिल्यांदाच तो बाण कुठून सुरू होतो हे स्पष्ट दिसले. किरॅलिटीसाठी, म्हणजे रेणू आणि त्याचे आरशातले रूप एकमेकांवर बसत नाहीत हे दाखवण्यासाठी, मी मुलांना ओल्या मातीचा गोळा आणि झाडूतले चार हीर घ्यायला सांगितले आणि प्रत्येक हिराच्या टोकाला वेगळी वस्तू खोचायला लावली. एकीने घरातल्या आरशासमोर तो गोळा धरून छायाचित्र पाठवले आणि विचारले की हा आरशातला गोळा कसाही फिरवला तरी माझ्या गोळ्यावर बसत नाही, मग औषधाच्या गोळीत हे दोन्ही असतील तर शरीराला ते कसे कळते. या प्रश्नावर आमचा एक अख्खा तास गेला आणि तो चांगला गेला.

तेव्हा शिकवणे होत नव्हते असे मी म्हणणार नाही. जे तर्काने उलगडते ते आवाजावर आणि कागदावर पोचत होते. अडत होते ते प्रात्यक्षिकापाशी.

केंद्र सरकारच्या व्हर्च्युअल लॅब प्रकल्पात आम्ल-अल्कली टायट्रेशनची चांगली आभासी प्रात्यक्षिके आहेत. मी ती वापरली आणि पीएचचा आलेख कसा चढतो, अंत्यबिंदूजवळ तो एकदम उभा का होतो हे समजावायला ती फार उपयोगी पडली. परंतु आभासी ब्युरेटमध्ये हवेचा बुडबुडा अडकत नाही, तिची नळी गळत नाही, आणि तिथला रंग कोणत्याही शंकेविना एका क्षणात बदलतो. खऱ्या फ्लास्कमध्ये अंत्यबिंदू येण्याआधी, थेंब जिथे पडतो तिथे गुलाबी ठिपका उमटतो आणि फिरवताच नाहीसा होतो. मग तो नाहीसा व्हायला वेळ लागू लागतो. मग जीव मुठीत धरून एकेक थेंब सोडावा लागतो. टायट्रेशनमधले सगळे कौशल्य या शेवटच्या मिलिलिटरमध्ये असते आणि नेमका तोच भाग आभासी प्रयोगातून वगळलेला असतो.

आता मला जे सांगायचे आहे ते सांगणे मला सोपे नाही. त्या सत्रात अभ्यासक्रम पूर्ण करायचा होता, जर्नल तपासून सही करायची होती, प्रात्यक्षिकाचे गुण भरायचे होते. म्हणून मी मुलांना रीडिंग सांगितली. प्रयोगाचे सूत्र, आकृती, तक्ता आणि मग ब्युरेटची रीडिंग: पायलट, म्हणजे पहिले अंदाजाचे, १० ते ११, पुढची तीन १०.४, १०.४, १०.४, सीबीआर, म्हणजे सारखे आलेले ब्युरेट रीडिंग, १०.४. मी बोलत होते आणि मुले लिहून घेत होती. प्रत्येकाने त्यावरून गणित केले आणि प्रत्येकाचे उत्तर बरोबर आले. इतकी स्वच्छ जर्नले माझ्या हाताखालून आजवर कधी गेली नव्हती. सह्या करताना मात्र मला त्या पानांकडे पाहवत नव्हते. प्रत्येक पानावर "निरीक्षणे" असा मथळा होता आणि त्याखाली कोणीही न केलेली निरीक्षणे होती.

अनेक महाविद्यालयांत हेच झाले आणि त्याला त्या परिस्थितीत दुसरा मार्ग नव्हता, असे सहकारी मला सांगत असत. गुणांच्या बाबतीत ते खरे होते. तरीही विज्ञान शिकणाऱ्या मुलाला आपण पहिली सवय लावतो ती अशी की जे दिसले तेच लिहायचे, रीडिंग वाईट आले तरी खोडायचे नाही, खाली कारण लिहायचे. ही सवय लावायच्या वयात मी त्यांना दुसऱ्याचे रीडिंग स्वतःचे म्हणून लिहायला शिकवत होते. गणेशचतुर्थीच्या आसपास हा विचार मला झोपू देईना.

उपाय सुचला तो आईच्या पानाच्या डब्यावरून. सुट्टीत घरी बसून मी विचार करत होते की तराजू नाही, मानक द्रावण नाही, अशा घरात मुलगा ज्ञात तीव्रतेचे द्रावण आणणार कुठून. आई पानाला चुना लावत होती, आणि उत्तर समोरच होते. विरी गेलेला चुना पाण्यात फार थोडा विरघळतो. आपल्याकडच्या हवेत एका लिटरला साधारण दीड ते पावणेदोन ग्रॅम. त्यापुढे कितीही चुना घातला तरी तो तळाशी बसतो. याचा अर्थ असा की भरपूर चुना पाण्यात ढवळून रात्रभर झाकून ठेवला आणि वरची निवळी काळजीपूर्वक काढून घेतली, तर विजयदुर्गातल्या मुलाची निवळी आणि आचऱ्यातल्या मुलीची निवळी जवळजवळ सारख्याच तीव्रतेची असणार, सुमारे ०.०४३ नॉर्मल (नॉर्मल हे तीव्रतेचे माप). वजन न करता मिळालेले हे मानक द्रावण घराघरांत होते. गरम पाण्यात चुना आणखी कमी विरघळतो, म्हणून पाणी साधेच घ्यायचे, एवढी एक सूचना पुरेशी होती.

दर्शक म्हणून, म्हणजे रंग बदलून अंत्यबिंदू दाखवायला, हळद घेतली. हळदीतले कर्क्युमिन आम्लात पिवळे राहते आणि पीएच साडेसात ते साडेआठच्या दरम्यान गेला की तांबूस होते. हळदीच्या डागाला साबण लागला की डाग लाल होतो, हे प्रत्येक घराला ठाऊक असते. लिंबाच्या रसातल्या सायट्रिक आम्लाचे उदासिनीकरण पूर्ण होते ते याच सुमाराला, त्यामुळे हळद इथे नेमकी बसते. ब्युरेटच्या जागी औषधाच्या दुकानातली सुई नसलेली दहा मिलिलिटरची सिरिंज आणि फ्लास्कच्या जागी काचेचा पेला ठरला. एक मिलिलिटर लिंबाचा रस, थोडे पाणी, हळदीच्या पाण्याचे चार थेंब, आणि वरून निवळी. निवळी डोळ्यांत जाता कामा नये, चष्मा असेल तर लावा, नसेल तर पेल्यावर वाकू नका आणि हात लगेच धुवा, हे मी तीन वेळा सांगितले आणि लिहूनही पाठवले.

त्या आठवड्यात आलेल्या निरीक्षणांनी मला जे समाधान दिले ते आधीच्या चार महिन्यांत मिळाले नव्हते. कोणाचेही आकडे कोणाशी जुळत नव्हते, कारण प्रत्येकाच्या परसातले लिंबू वेगळे होते. एका मुलीने तीन रीडिंग पाठवली: २२.५, २२, २२. खाली तिने लिहिले होते की पहिल्या वेळी माझा हात घाईत पुढे गेला, म्हणून ते रीडिंग धरलेले नाही. गणित केले तेव्हा तिच्या लिंबात सुमारे सहा टक्के सायट्रिक आम्ल निघाले. सायट्रिक आम्लाचा सममूल्यभार ६४ धरला की हे तोंडीही करता येते, आणि लिंबाच्या रसात हे प्रमाण साधारण पाच ते सात टक्के असते, हे मी तिला उत्तर आल्यावरच सांगितले. ते पहिले रीडिंग तिने एका रेघेने खोडले होते, वाचता येईल असे. ते पान मी जपून ठेवले आहे.

मिठबावच्या एका मुलाचे पहिले रीडिंग २१ आले आणि दुसऱ्या दिवशीचे ३१. लिंबू तेच, सिरिंज तीच. वर्गात असता तर त्याने शेजारच्याच्या वहीत डोकावून ३१चे २१ केले असते आणि विषय संपला असता. घरी शेजारी कोणी नव्हते. त्याने मला फोन केला आणि अपराधी आवाजात म्हणाला, "मॅडम, माझं काहीतरी चुकलंय, पण काय ते सापडत नाही." मी त्याला चूक सांगितली नाही, निवळी कशी ठेवली होतीस एवढेच विचारले. पहिल्या दिवशीची उरलेली निवळी त्याने चुन्यावरून काढून रुंद तोंडाच्या वाडग्यात ओतली होती आणि ती रात्रभर उघडीच राहिली होती. सकाळी तिच्यावर दुधावर येते तशी पातळ साय आली होती. ती त्याने चमच्याने काढून टाकली होती आणि खालची निवळी वापरली होती.

"ती साय कशाची असेल?" मी विचारले. बराच वेळ तो बोलला नाही. रेंज गेली असे मला वाटले. मग त्याने विचारले, "मॅडम, तिच्यावर लिंबू पिळून बघू का?" साय अजून वाडग्याच्या कडेला वाळून चिकटलेली होती. त्याने लिंबू पिळले, ती फसफसली, आणि त्याने ते मला फोनवरच ओरडून सांगितले. हवेत तेव्हा दहा लाखांत जेमतेम ४१० भाग कार्बन डायऑक्साइड होता, पण एवढ्याशा वायूने रात्रभरात त्याच्या निवळीतला चुना ओढून घेऊन त्याचे कॅल्शियम कार्बोनेट केले होते, आणि निवळी पातळ झाल्यामुळे ती जास्त लागली होती. या मुलाची आई खाडीत तिसरे, म्हणजे खाण्याचे शिंपले, काढते. तिसऱ्यांचे शिंपले कॅल्शियम कार्बोनेटचेच असतात आणि पूर्वी आपल्या किनाऱ्यावर असेच शिंपले भट्टीत भाजून चुना करत. शिंपल्याचा चुना, चुन्याची निवळी, निवळीवरची साय आणि ती साय पुन्हा शिंपल्याच्याच पदार्थाची, ही साखळी त्याने स्वतः जोडली. मी फक्त फोन धरून होते. त्या प्रयोगात मी त्याला पूर्ण गुण दिले आणि ३१ हे रीडिंग जर्नलमध्ये तसेच ठेवायला सांगितले.

त्यानंतरची परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची झाली. तिच्याविषयी लिहिण्यासारखे माझ्याजवळ फार नाही. चार पर्यायांतून अचूक रंग ओळखणे हे रंग पाहण्यापेक्षा वेगळे काम आहे, एवढेच म्हणते.

दुसरी लाट आली ती आमच्या गावांपर्यंत आली. एप्रिल आणि मे २०२१मध्ये वर्गातल्या प्रत्येकाच्या घरात किंवा शेजारी कोणीतरी आजारी होते. मी तिसऱ्या वर्षाला वर्णपटमिती शिकवत होते आणि बिअर-लॅम्बर्ट नियमाशी येऊन पोचले होते. द्रावणातून जाणारा प्रकाश किती शोषला जाईल हे त्या द्रावणाच्या तीव्रतेवर आणि प्रकाशाच्या मार्गाच्या लांबीवर अवलंबून असते, हे वाक्य मी उच्चारले तेव्हा एका मुलीने विचारले, "मॅडम, बाबांच्या बोटाला लावतात ते यंत्र यावरच चालतं का?" तिचे वडील तेव्हा घरीच विलगीकरणात होते आणि आशाताई सकाळ-संध्याकाळ येऊन ऑक्सिजन मोजून जात होत्या.

त्या दिवसापासून तो नियम मी ऑक्सिमीटरवरूनच शिकवला. यंत्रात दोन दिवे असतात, एक ६६० नॅनोमीटरचा लाल आणि दुसरा ९४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन सोडून आलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश जास्त शोषते, ऑक्सिजन घेतलेले हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश जास्त शोषते, आणि बोटातून पलीकडे पोचलेल्या दोन्ही प्रकाशांच्या गुणोत्तरावरून यंत्र टक्केवारी काढते. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बदलणारा भाग तेवढा ते मोजते, म्हणून कातडी आणि हाड यांचे शोषण बाजूला काढता येते. गडद नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो आणि बोटे गार पडली असतील तरीही चुकतो. त्या मुलीने हे सगळे लिहून घेतले आणि दुसऱ्या दिवशी कळवले की आशाताई आल्या तेव्हा तिने बाबांचा हात आधी चोळून गरम केला, आणि आदल्या दिवशी दिसलेला कमी आकडा दोन अंकांनी वर आला. तिचे वडील पुढे बरे झाले. सगळ्यांच्या घरी तसे झाले नाही. त्या महिन्यात दोन मुलांच्या घरांतून तशी बातमी आली आणि त्या दोन्ही दिवशी मी तास घेतला नाही.

ऑक्सिजन काँसन्ट्रेटर हा शब्द तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता, म्हणून अधिशोषणाच्या, म्हणजे घन पदार्थाचा पृष्ठभाग वायू धरून ठेवतो त्या, प्रकरणात तोही आला. झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या पोकळ्यांतले धन आयन ऑक्सिजनपेक्षा नायट्रोजनला जास्त ओढून धरतात, दाब वाढवला की नायट्रोजन अडकतो आणि दाब उतरवला की सुटतो, या एका गोष्टीवर ते यंत्र हवेतून ऑक्सिजन वेगळा करते. हे शिकवत असतानाच मे महिन्याच्या मध्यावर तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेले. माड आणि विजेचे खांब एकत्र पडले आणि कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. ते प्रकरण मी पुढे जूनमध्ये पहिल्यापासून पुन्हा घेतले.

राज्यातली महाविद्यालये २० ऑक्टोबर २०२१पासून पुन्हा उघडली. त्याआधी आठवडाभर मी आणि मामा प्रयोगशाळा सावरत होतो. दोन पावसाळे ती बहुतेक बंद राहिली होती आणि कोकणातल्या पावसाळ्यात बंद खोलीचे काय होते हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. फेरिक क्लोराइडच्या बाटलीत खड्यांच्या जागी तपकिरी पाक झाला होता. कोरड्या कॅल्शियम क्लोराइडचे पाणी झाले होते. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर बुरशीने जाळे विणले होते आणि लेबले भिंतीवरच्या शेवाळासारखी हिरवट झाली होती. चिमट्याच्या ब्युरेटच्या रबरी नळ्या हाताला लागताच तुटत होत्या, आणि काचेच्या तोटीच्या ज्या ब्युरेट शेवटच्या दिवशी घाईत नीट धुतल्या गेल्या नव्हत्या, त्यांच्या तोट्या सोडियम हायड्रॉक्साइडने पक्क्या जाम केल्या होत्या. मामा एकेक तोटी कोमट पाण्यात धरून, पुसून, हलके फिरवून सोडवत बसले होते. तीन तोट्या तुटल्या. बाकीच्या सुटल्या, त्यांना त्यांनी व्हॅसलीन लावले आणि ओळीने टांगून ठेवले.

आमच्या विभागाने ठरवले की तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी रोज दुपारी दोन तास जादा प्रयोगशाळा उघडी ठेवायची आणि पहिल्या वर्षाचे टायट्रेशन त्यांना पहिल्यापासून द्यायचे. अभ्यासक्रमात याची तरतूद नव्हती आणि वेळापत्रकातही जागा नव्हती, तरी कोणी कुरकुर केली नाही. ही मुले पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती, रेणूंची यंत्रणा उत्तम सांगत होती आणि ब्युरेट स्टँडला लावताना त्यांचे हात थरथरत होते. पिपेट भरताना द्रावण खुणेच्या वर जात होते. कोणाच्या फ्लास्कमध्ये एकदम भडक गुलाबी होत होते, कारण तेवढाच रंग त्यांनी स्क्रीनवर पाहिलेला होता. मी प्रत्येक टेबलापाशी जाऊन उभी राहिले. अर्धा थेंब तोटीच्या टोकाला लटकत ठेवून फ्लास्कच्या काचेला कसा टेकवायचा आणि वॉशबॉटलच्या पाण्याने आत कसा धुवायचा, हे मी दिवसभरात चाळीस वेळा तरी दाखवले असेल.

मिठबावचा तो मुलगा खिडकीशेजारच्या टेबलावर होता. त्याचा रंग आला तो अगदी नेमका, टाइलवर धरला तरच दिसावा इतका फिकट. तो फ्लास्ककडे बघत राहिला.

"एवढाच?" त्याने विचारले.

"एवढाच," मी म्हणाले. "रीडिंग घे."

त्याने वाकून डोळा पातळीला आणला, रीडिंग पाहिले, जर्नल उघडले. तोवर एक-दोन मिनिटे गेली होती. शेजारच्या मुलीने त्याचा फ्लास्क बघितला आणि म्हणाली की तुझा रंग तर गेला, अजून एक थेंब टाक. त्याने फ्लास्ककडे पाहिले, द्रावण खरोखरच पुन्हा रंगहीन झाले होते. तोटीकडे त्याचा हात गेला नाही. "हवेतला कार्बन डायऑक्साइड गेला त्यात," तो तिला म्हणाला, आणि त्याने जर्नलमध्ये ९.७ लिहिले.